स्वतंत्र छत

४ ऑक्टोबर, शनिवार

दहा सौर पॅनेल जिन्याखाली येऊन पडली! पुठ्ठ्यात बांधलेली, भिंतीला टेकवून उभी. पाच आमची, पाच वरच्यांची. आता जिना चढायचा तर अंग चोरून चढावं लागतं. ह्यांचं पोट दोनदा अडकलं. धाकटी वरच्या कठड्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, “दादा, आधी पॅनेल वर जाऊ द्या, मग तुम्ही.” हे चिडले नाहीत, हसले. खाली आम्ही, वर धाकटे भाऊजी आणि ही माझी धाकटी जाऊ. एकोणीस वर्षं झाली, जिना एकच आहे.

बाबा खाली येऊन प्रत्येक खोक्यावरचं छापील वाचून गेले. सासरे आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवत होते. काहीही छापलेलं दिसलं की वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत, मग ते औषधाच्या पुडीवरचं का असेना. एका खोक्यावर ‘नाजुक’ लिहिलंय, जु ऱ्हस्व. मला दाखवलं. मीही आधीच बघितलं होतं. आम्हा दोघांना हा एकच रोग.

निम्मा खर्च सरकार परत देणार म्हणून हे धाडस. आमचं ठीक आहे, दोघांचे पगार आहेत. धाकटीचं तसं नाही. ती घरी पाव आणि केक भाजून दोन दुकानांना देते, एका विजेच्या भट्टीवर. दुसरी भट्टी घ्यायला तीन वर्षं पैसे साठवले होते, बयाणासुद्धा देऊन ठेवलाय. ते सगळे पैसे तिने पॅनेलमध्ये घातले ते माझ्या सांगण्यावरून. मीच म्हटलं, अगं, आधी वीज फुकट कर, अनुदान हातात आलं की त्याच पैशांत भट्टी घे. ती म्हणाली, “ताई, तुम्ही वाचून सांगताय ना, मग झालं.”

७ ऑक्टोबर, मंगळवार

धोरण बदललं. एक नोव्हेंबरपासून अनुदान निम्म्यावरून पाव हिश्श्यावर. शिवाय म्हणे एका छताला एकच अनुदान. आमचं छत एक, घरं दोन.

धाकटीने संध्याकाळचा घाणा जाळला. ती कधी जाळत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

शिडीवाले येऊन गेले. हे पॅनेल बसवणारे. खांद्याला शिडी नसेल तर माणूस ओळखू येत नाही, म्हणून आम्ही सगळे शिडीवालेच म्हणतो. परिपत्रकाच्या तीन झेरॉक्स प्रती घेऊन आले. एक खाली, एक वर, एक बाबांना, कारण बाबांना द्यावीच लागते. झेरॉक्सची झेरॉक्स असावी. फिकी, कडेला काळी.

सगळे आमच्या पुढच्या खोलीत बसले आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. येणारच. सतरा वर्षं छापखान्यात प्रुफं तपासते. कुणाचा ध चा मा होऊ द्यायचा नाही हेच माझं पोटापाण्याचं काम. दोनदा वाचलं. सगळी गोम सहाव्या कलमात आहे. ‘एकाच इमारतीतील दोन कुटुंबांस, स्वतंत्र मीटर व स्वतंत्र छत असल्यास, पृथक अनुदान देय राहील.’ मीटर आमचे आहेतच दोन, पहिल्यापासून. छत नाही. म्हणजे छत दोन करायचं.

“छत दोन कसं करणार?” भाऊजी म्हणाले. “कापणार?”

शिडीवाले म्हणाले, “भिंत घालायची मधोमध. सव्वा मीटर उंच, मध्ये बंद होणारं फाटक. पलीकडच्या गल्लीत दोघांनी घातलीये. मात्र या महिन्यात तपासणी झाली पाहिजे. वाचायचं तुम्ही, चढायचं आम्ही. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

बाबांनी स्वतःची प्रत घडी घालून खिशात ठेवली. उठताना मला विचारलं, “नीट वाचलंस ना?”

“दोनदा,” मी म्हणाले. जरा तोऱ्यातच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

भिंत घालायची ठरली. कुणीच नको म्हणालं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी टेप घेऊन गच्चीवर. एक टोक माझ्याकडे, दुसरं धाकटीकडे. गच्ची पूर्व-पश्चिम लांब, तेव्हा भिंत लांबीतून जाणार. एक अर्धं दक्षिणेला, एक उत्तरेला. मध्य जिथे आला तिथे नेमकी बाबांची खुर्ची. ते रोज संध्याकाळी तिथे बसतात. त्यांना उठायला सांगावं लागलं नाही, स्वतःच उठले, खुर्ची उचलली आणि जिन्याजवळ नेऊन ठेवली. कपड्यांच्या दोऱ्या मात्र आम्हीच सोडल्या. त्या आडव्या होत्या, एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत. एकोणीस वर्षं एकाच दोरीवर दोन घरांचे कपडे. किती वेळा ह्यांचा शर्ट भाऊजींनी घालून नेलाय.

मग कुणाचं अर्धं कुठलं? मी धाकटीला म्हटलं, “तू जिन्याकडची बाजू घे. तुझं वर-खाली जास्त असतं, पाण्याची टाकीही तिकडेच.” ती म्हणाली, “चालेल की.”

जिना उत्तरेला आहे. दक्षिणेकडून ऊन जास्त मिळतं हे शिडीवाले पहिल्या दिवशी बोलले होते. मला आठवत होतं. तिला आठवत नसावं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गवंड्याने दोन दिवसांत भिंत उभी केली. माझ्या छातीपर्यंत येते. गिलावा नाही, नुसती लाल. फाटक कालच बसलं, खिट्टी आमच्या बाजूला नाही, त्यांच्या बाजूला. गवंडी म्हणाला, “ताई, कुठल्यातरी एका बाजूलाच येणार.”

सगळे खाली गेल्यावर मी आमच्या बाजूला पाच मिनिटं एकटी उभी राहिले. पिठाची पावलं नाहीत, भट्टीचे ट्रे वाळत नाहीत, कुणी ‘ताई, जरा हे धरता का’ म्हणत नाही. बरं वाटलं. लिहून ठेवते, या वहीत खोटं लिहून काय मिळवायचंय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नवीन लचांड. छताची विभागणी केली तर दोन्ही भावांनी लिहून द्यायचं. मसुदा मलाच करायला सांगितला, माझं अक्षर आणि भाषा दोन्ही बरी म्हणून. नमुना असा आहे: ‘आम्ही उभय बंधू विभक्त असून आमचा निवास, खर्च व अन्नव्यवहार स्वतंत्र आहे.’

हे म्हणाले, “विभक्त म्हणजे काय लिहितेस, भांडलो का आम्ही?”

“कागदावर आहे हो.”

भाऊजी सही करताना पेन झटकत राहिले. शाई येत होती, तरी झटकत होते. सही झाल्यावर म्हणाले, “वहिनी, संध्याकाळची भाजी उरली असेल तर द्या, आमचा अन्नव्यवहार आज बंद आहे.” हसलो सगळे. नंतर कुणीतरी विषय बदलला.

घर बाबांच्या नावावर, म्हणून त्यांचीही ‘हरकत नाही’ची सही हवी. त्यांनी पूर्ण कागद वाचला, भिंग लावून. म्हणाले, “विभक्त. हा शब्द मी किती वेळा जुळवला असेन. जाहीर नोटिशीत हमखास लागायचा. एका खणात तयार जुळवून ठेवलेला असायचा, दर वेळी कोण नव्याने जुळवणार?” आणि सही केली. त्यांची सही छापल्यासारखी येते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

अर्ज भरले. दोन घरांचे दोन. आमचा मी भरला, त्यांचा धाकटीने भरला, वर, पिठाच्या हातांनी. पाकिटं बंद करून शिडीवाल्यांकडे दिली.

‘कुटुंबातील सदस्य’ या रकान्यात बाबांचं नाव लिहिताना हात थांबला. ते झोपतात आमच्याकडे. सकाळचा चहा, नाश्ता आणि दुपारचं जेवण वर, रात्रीचं खाली. आपण त्यांना आपल्यात घातलं तर धाकटीला वाटेल, बघा, सासऱ्यांवर हक्क सांगितला. तिच्याकडे असू देत. तिचा जीव आहे त्यांच्यावर. रकाना मोकळा सोडला.

पॅनेल उद्यापासून वर चढणार. तपासणीची तारीख आली की झालं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

तारीख नाही.

धाकटी दिवसातून चार वेळा जिन्यापाशी येते. “काही कळलं?” दोन्हीकडची पॅनेल बसली, तारा जोडल्या, इन्व्हर्टर लागले. सगळं तयार, आणि तपासनीस साहेबांना वेळ नाही. ऑफिसात म्हणे रांग लागलीये, सगळ्यांनाच हा महिना गाठायचाय. हे कामावरून दोनदा फोन करून थकले. अनुदान पाव हिश्श्यावर गेलं तर तिची भट्टी गेली, हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आम्ही दोघी त्याबद्दल सोडून इतर सगळ्याबद्दल बोलतो.

छापखान्यात आज एका पानावर तीनदा तीच ओळ वाचली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सोमवारी, सकाळी अकरा. देव पावला म्हणायचं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सगळं जसंच्या तसं लिहिते.

साहेब सव्वाबाराला आले. तरुण, घामाघूम, बगलेत फाइल. ही आजची सहावी गच्ची म्हणाले. आधी खाली मीटर बघितले. “मीटर तर दोन आहेतच की तुमचे,” असं म्हणून माझ्याकडे बघितलं, पुढे काही बोलणार होते. मी म्हटलं, “हो, आणि छतंही दोन आहेत, या ना वर.” ते वर आले.

भिंत मोजली. फाटक उघडून लावून बघितलं. फोटो काढले. आम्ही सगळे टाकीजवळ ओळीने उभे, परीक्षेला बसल्यासारखे. बाबा त्यांच्या खुर्चीत, जिन्यापाशी. मग साहेबांनी दोन्ही अर्ज काढून फाइलीवर शेजारी शेजारी ठेवले आणि कपाळावर आठी घातली.

“घराचे मालक कोण?”

“आमचे वडील,” हे म्हणाले. “हे काय, इथेच बसलेत.”

“हे कुठल्या कुटुंबात? दोन्ही अर्जांत नाव नाही.”

मी धाकटीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला तेव्हा मला कळलं. तिनेही सोडला होता रकाना, माझ्यासाठी! ताईंना वाईट वाटायला नको म्हणून. एकोणीस वर्षं एकमेकींचं मन राखत आलो, आणि बाबा दोन्हीकडून गळाले.

“आजोबा, जेवता कुठे?”

बाबा म्हणाले, “सकाळी वर. संध्याकाळी खाली.”

साहेबांनी पेन टोपणात घातलं. ते टोपण लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतोय. “मग कुटुंब एकच झालं,” ते म्हणाले. “हे विभक्त वगैरे कसं लिहून दिलंत?”

भाऊजी भिंतीवर हात ठेवून उभे. धाकटीने पदराला हात पुसायला सुरुवात केली, हात कोरडेच होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं, शब्दांची माणूस मी, आणि मी भिंतीच्या विटा मोजत होते.

बाबा उठले. खुर्चीच्या हाताला धरून, सावकाश. म्हणाले, “साहेब, लिहायचं राहिलं. मी दोघांकडेही नाही. मी तिसरा. माझी खोली वेगळी आहे, माझी पेन्शन आहे, माझं मी बघतो. जेवायला बोलावतात तेव्हा जातो, पाहुण्यासारखा.”

“तसं लिहून द्याल?”

“द्या कागद.”

खुर्चीत बसून, मांडीवर फाइल घेऊन लिहिलं. ‘मी माझ्या दोन्ही मुलांपासून विभक्त असून...’ एक काटाकूट नाही. साहेबांनी दोन्ही अर्जांवर शिक्के मारले आणि सातव्या गच्चीकडे गेले.

आम्ही कुणीही बाबांकडे बघितलं नाही. म्हणजे मी तरी नाही बघितलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी बाबा वर चहाला गेले नाहीत. खोलीत विजेची शेगडी लावून स्वतःच चहा केला. शेगडी कुठून आणली देव जाणे, कालच आणली असणार. धाकटी खाली आली, म्हणाली, “बाबा, चला ना.” तर म्हणाले, “लिहून दिलंय ना.”

रात्री मी ताट घेऊन गेले. ताट घेतलं, आभार मानले! मला, आभार! “आज पाहुणा आहे,” म्हणाले. “रोज नाही येणार.”

ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. हे म्हणाले, “आठवडाभर बघ, गुडघे दुखले की येतील.”

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन्ही अर्ज मंजूर. निम्मं. दुपारी मेसेज आला. काय आनंद व्हायला हवा होता.

धाकटी जिन्यात भेटली, माझा हात दाबला. तिने केक केला नाही. एरवी अशा बातमीला ती लगेच केक भाजते.

९ नोव्हेंबर, रविवार

भाऊजी हातात कागद घेऊन खाली आले. आठवड्याचे आकडे. आमच्याकडे दिवसाला बारा युनिट, त्यांच्याकडे सात. यंत्र सारखं, पॅनेल सारखी.

वर जाऊन बघितलं. सकाळचे दहा वाजलेले. भिंतीची सावली त्यांच्या पहिल्या दोन पॅनेलवर सरळ आडवी पडलेली, जसं कुणी काळं कापड टाकलंय. सूर्य आता दक्षिणेकडून फिरतो. थंडी वाढेल तशी सावली आणखी लांबणार. शिडीवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, “एकावर सावली आली की माळेतली पाचही सुस्तावतात. गच्ची अखंड असती तर वेगळं बसवलं असतं. भिंतीमुळे जागाच एवढी उरली.”

धाकटी भट्टीवरून तशीच आली होती, कपाळाला पीठ. तिने मला विचारलं, “ताई, तुम्ही दक्षिणेकडची बाजू घेतलीत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हणाले, “तूच तर जिन्याकडची मागितलीस.”

खोटं. मीच तिला दिली होती. मागच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. ती मान हलवून खाली गेली. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर मी कबूल केलं असतं, असं आता वाटतंय. आता वाटून काय उपयोग.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फाटकाला कुलूप. पॅनेल पुसायला वर गेले तर कुलूप. जिना त्यांच्या बाजूला, म्हणजे आमच्या गच्चीवर जायला आम्हाला किल्ली मागावी लागणार.

भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, “वहिनी, छत स्वतंत्र असलं पाहिजे, असं कलमातच आहे. तुम्हीच वाचून दाखवलंत.”

हे ऐकून ह्यांचा पारा चढला. जिन्यात दोघा भावांची चांगलीच जुंपली. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. आपलेच दात, आपलेच ओठ. मी मध्ये पडले नाही. किल्ली शेवटी मिळाली, पण ह्यांनी घेतली नाही. पॅनेल धुळीने भरू देत म्हणाले.

१६ नोव्हेंबर, रविवार

धाकटी मला ‘अहो’ म्हणाली. “अहो, तुमचं पत्र आमच्याकडे आलंय.” ताई नाही. अहो.

बाबा तिच्याकडून पाव घेतात आणि पैसे देतात. ती घेत नाही तर टेबलावर ठेवून येतात. ती ते पैसे एका बरणीत टाकते, हे मला ह्यांनी सांगितलं, ह्यांना भाऊजींनी सांगितलं होतं, अजून बोलत होते तेव्हा.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज धीर केला. शिडीवाल्यांना एकटीने गाठलं, विचारलं, भिंत अर्धी उतरवली तर?

ते मान हलवत राहिले. “पाच वर्षं हात लावू नका, ताई. कधीही न सांगता तपासायला येतात. भिंत दिसली नाही की दोघांचं अनुदान परत, वर दंड.”

म्हणजे पाच वर्षं. भट्टीला पाच वर्षं सात युनिट, बाबांना पाच वर्षं शेगडी. मी म्हटलं, आमच्या पॅनेलमधली दोन तिकडे देता येतील? म्हणाले, ज्याच्या नावावर ज्या छतावर नोंद, तिथेच. घी देखा लेकिन बडगा नही देखा म्हणतात ते असं. हातात आलेलं ना खाता येतं ना टाकता.

परत येताना ठरवलं, धाकटीला खरं सांगायचं. बाजू मीच निवडली, माहीत असून निवडली. जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत गेले. वर भट्टीचा आवाज येत होता. तिची सगळ्यात गडबडीची वेळ, मी स्वतःला सांगितलं. आणि उतरले.

३० नोव्हेंबर, रविवार

धाकटीने दुसऱ्या भट्टीचा बयाणा परत मागितला. सात युनिटांत दोन भट्ट्या चालायच्या नाहीत. निम्माच मिळाला.

१ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. दार उघडं होतं, ती साच्यांना तूप लावत होती. उभ्या उभ्या सांगितलं सगळं, दक्षिणेचं, खोटं बोलल्याचं. ती तूप लावत राहिली. मग म्हणाली, “मला माहीत होतं. शिडीवाले बोलले तेव्हा मीही तिथेच होते की.”

“मग घेतलीस कशाला जिन्याकडची?”

“तुम्हाला हवी होती ना ती.” पुढचा साचा उचलत म्हणाली, “आणि भिंत काय, नियमच होता. तुम्ही तरी काय करणार?”

तिने मला अर्धा पाव दिला, गरम. ताई म्हणाली नाही, पण अहोही म्हणाली नाही. मी इतकी रडले की लाज वाटली. निदान नियमाला तरी दोष देता येतो, आमच्या दोघींचं तेवढ्यावर एकमत झालं. बाबांना परत वर चहाला आणायचं, आम्ही दोघींनी मिळून उद्या जाऊन सांगायचं.

२ डिसेंबर, मंगळवार

धाकटी यायच्या आधीच बाबांच्या खोलीत गेले. त्यांचा चष्मा दुरुस्तीला द्यायचा होता, चष्म्याचं घर उघडलं, आत त्यांची झेरॉक्स. सहाव्या कलमात ‘व’पुढे पेन्सिलीने ठळक केलेला काना, समासात त्यांची छापखान्यातली जुनी खूण, खाली तारीख ८ ऑक्टोबर. ‘स्वतंत्र मीटर वा स्वतंत्र छत.’ माझी प्रत आणून भिंगाखाली धरली. काना आहे. केसाएवढा, पण आहे. मीटर तर आमचे पहिल्यापासून दोन. म्हणजे भिंत लागतच नव्हती.

“बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?”

“विचारलं होतं तुला, नीट वाचलंस ना म्हणून. दोनदा म्हणालीस.” ते शेगडीवरचं दूध बघत होते. “मला वाटलं, तुम्हाला वेगळं व्हायचंच आहे, निमित्त शोधताय. मग मी कशाला काना द्यायचा?”

“तसं नव्हतं, बाबा,” मी म्हणाले. पण म्हणायला मला वेळ लागला, आणि तेवढ्यात त्यांनी शेगडी बंद केली होती. जिन्यावर धाकटीची पावलं वाजली. “ताई,” तिने हाक मारली, “आहात ना आत?”